"तुमच्याकडून एक पोर आवरत नाही?" (पुणे, १६ जुलै २०२०)

तिसरा_मजला
काल सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांचा भलामोठा मेसेज आला. सार असं की आजकालच्या आईबापांना एक पोर आवरत नाही, आम्ही चाळीत दोन खोल्यांत सात जण राहायचो, वडलांनी नुसते डोळे वटारले की सगळे चिडीचूप, आणि तुम्ही मुलांच्या हातात मोबाईल देऊन मीटिंगा करत बसता. खाली लगेच पाच-सहा अंगठे. तिथे भांडायला गेले तर नवरा म्हणतो राहायचंय याच बिल्डिंगमध्ये, म्हणून इथे ओकतेय.

काका, चाळीत सात जण फक्त जेवायला आणि झोपायला असायचे हो. बाकी दिवसभर पोरं गॅलरीत, अंगणात, शेजारच्या घरात, दिवेलागणीपर्यंत कुठे आहेत कुणी विचारत नसे. माझं सात वर्षांचं आहे. कोरोनामुळे मार्चपासून शाळा बंद, दहाच्या खालच्यांनी घरातच थांबायचं, जूनमध्ये 'मिशन बिगिन अगेन' म्हणजे राज्याचं लॉकडाऊन सैल करणं आलं, मोठ्यांसोबत सकाळी पाच ते संध्याकाळी सात फिरायला परवानगी मिळाली, तर आमच्या कमिटीने पार्किंगला दोरी बांधली! सरकारने सोडलं आणि सेक्रेटरीने धरलं. आता १३ तारखेपासून पुन्हा कडकडीत बंद. आवाज नको म्हणून जुन्या मोज्यात चिंध्या कोंबून बॉल करून दिलाय, तो सोफ्यावरून उड्या मारून झेलतो. आवाज बॉलचा नाहीच, टाचांचा आहे. टाचा काढून ठेवू का कपाटात?

निवृत्त_पण_निवांत_नाही
मी ते काका नाही, पण असतो तर हेच लिहिलं असतं. पासष्टच्या वरच्यांनाही घरातच बसवलंय, ते कुणाला आठवत नाही. बायकोची बायपास झालेली, दुपारी जरा डोळा लागतो तोच डोक्यावर धाडधाड. वर जाऊन सांगायचं तर संसर्गाची भीती, इंटरकॉम केला तर "मूल आहे काका, समजून घ्या". चार महिने समजूनच घेतोय. एक जाड गोधडी अंथरायला काय होतं?

तिसरा_मजला
अंथरलीय. दोन. तिसरी अंथरली तर आम्ही पांघरायचं काय?

डबल_शिफ्ट
नवरा म्हणतो भांडू नको, ते ठीक, पण नवरा दुपारी काय करतो? आमच्याकडे साहेब बेडरूमचं दार लावून "कॉलवर आहे", आणि माझाही कॉल असतो तो मात्र ओट्याशी, कुकरच्या शिट्ट्यांच्या बॅकग्राऊंडवर. पोरगी दोन्ही दारं ठोठावते, उघडतं एकच. यावर वेगळा धागा काढायला हवा खरं तर.

मुक्काम_बार्सिलोना
तुमचं पोरगं जूनमध्ये निदान कागदावर तरी सुटलं. इथे स्पेनमध्ये १४ मार्चपासून मुलांना दाराबाहेर पाऊल टाकायची बंदी होती. सहा आठवडे! मोठ्यांना भाजी आणायला मुभा, कुत्रं फिरवायला मुभा, मूल फिरवायला नाही. एप्रिलमध्ये सरकार म्हणालं मुलांना सुपरमार्केटात, औषधाच्या दुकानात सोबत न्या, म्हणजे नेमकं जिथे गर्दी तिथेच. लोकांनी खिडक्यांतून भांडी बडवली, त्याच दिवशी निर्णय फिरवला. मग २६ एप्रिलपासून चौदाच्या खालच्यांना दिवसातून एक तास, घरापासून एक किलोमीटर, सोबत एकच मोठं माणूस. आम्ही खाली उतरलो तर पाच वर्षांची लेक फुटपाथवर नुसती उभी राहिली, चालेचना.

ढापण्या
कुत्र्याचा मुद्दा एक नंबर!! आमच्याकडेही डिट्टो. लॅब्रॅडॉर रोज दोन वेळा त्या दोरीखालून ऐटीत जातो आणि माझी दोन पोरं ग्रिलला नाक लावून बघतात. धाकटा परवा म्हणाला मला पट्टा बांध.

भू_भू_प्रेमी
आला का कुत्र्यांवर राग. कुत्र्याला घरात संडास नाही, म्हणून न्यावं लागतं, हौस म्हणून नाही. तुमच्या पोरांना दोन बाथरूम आहेत ना? कुत्र्यांपासून कोरोना होतो ही अफवा उठली तेव्हा लोकांनी पाळलेली जनावरं रस्त्यावर सोडली, ती पोरं ग्रिलमधून दिसली नाहीत वाटतं.

ढापण्या
पोरं संडाससाठी बाहेर जातात असं कोण म्हणालं? धावायला जातात. आणि तुमचा तो लॅब माझ्या स्कूटरच्या मागच्या चाकावरच का उरकतो, त्यासाठी कुठला पास काढलाय?

भू_भू_प्रेमी
स्कूटर मार्चपासून हललेली नाही, त्याला ती झाड वाटत असेल.

निवृत्त_पण_निवांत_नाही
दोघांनी दुसरीकडे जाऊन भांडा. हेच संस्कार पोरं बघतायत.

खडू_फळा
मोबाईल दिला म्हणून शिव्या देणाऱ्यांना: शाळाच मोबाईलवर आहे, मुलांनी काय हवेत बघायचं? मी तिसरीला शिकवते. परवा १४ तारखेला केंद्राची ऑनलाइन वर्गांसाठीची 'प्रज्ञाता' नियमावली आली, पहिली ते आठवीला दिवसाला दोनच सत्रं, प्रत्येकी तीस ते पंचेचाळीस मिनिटं. आमची शाळा चार तास घेते कारण पालक म्हणतात फी कशाची देतोय. एका मुलाचा कॅमेरा रोज फक्त पंखा दाखवतो, हजेरीला "येस मिस" ऐकू येतं. मी ओरडत नाही. मलाही पंखाच बघावासा वाटतो.

बांधावरून
तुमची चर्चा गोड आहे. जालन्याकडे या. पोरं दिवसभर लिंबावर, विहिरीवर, कुणी अडवत नाही, टाचांचा आवाज ढेकळांना ऐकू जातो. शाळा म्हणजे गुरुजी ग्रुपवर पीडीएफ टाकतात आणि फोन बापासोबत शेतात. संध्याकाळी बाप येतो तेव्हा बॅटरी संपलेली, लाईट गेलेली. पोरगी पाचवीत गेली म्हणे. कशी गेली देव जाणे. तुम्हाला पार्किंग हवंय, आम्हाला रेंज.

तिसरा_मजला
@बांधावरून, यावर बोलायला तोंड नाही, मान्य. पण म्हणून माझा पोरगा चार भिंतींत सुखात आहे असं होत नाही ना. @डबल_शिफ्ट, नवरा दुपारी "कॉलवर" असतो. काढा धागा, मी येते.

निवृत्त_पण_निवांत_नाही
बरं. चार ते सहा नाचू द्या. दोन ते चार मात्र नाही, पुण्यात राहता, एवढं तरी पाळा. आणि ती पार्किंगची दोरी मलाही मूर्खपणाची वाटते, सकाळी तिच्यामुळे माझं फिरणं बंद झालंय. कमिटीला पत्र द्यायचं असेल तर मी सही करतो. पण मुलांच्या बाजूने म्हणून नाही, माझ्यासाठी.

तिसरा_मजला
चालेल काका, सहीखाली तसं लिहा. दोन ते चार त्याचा क्लास असतो, तेव्हा तो टेबलाखाली आडवा पडलेला असतो.

भू_भू_प्रेमी
पत्रात कुत्र्यांविरुद्ध एक ओळ जरी आली तरी मी उलट पत्र देणार.

ढापण्या
द्या. सोबत स्कूटर धुण्याची पावतीही जोडा.