वजन चारदा उतरवलं, चारदा परत आलं. टिकवायचं कसं?

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतो, धागा पहिल्यांदाच काढून राहिलो. लांबला तर सांभाळून घ्या.

आधी आकडे, नाहीतर पहिल्या पाच प्रतिसादांत तेच विचाराल. वय 46, पुरुष, उंची 168 सेंटिमीटर, वजन 91.4 किलो. म्हणजे बीएमआय 32 च्या वर. बेंबीपाशी टेप लावला तर 106 सेंटिमीटर. मागच्या आठवड्यात रक्त तपासलं: एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 6.1, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 214. रक्तदाब 138/88. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर, पहिली पायरी. डॉक्टर म्हणाले, अजून गोळी लिहीत नाही, तीन महिने देतो, काय करायचं ते करा.

काय करायचं ते मी चारदा केलेलं आहे, हीच तर अडचण आहे. एकदा जिमची वर्षाची फी भरली, अडीच महिने गेलो. एकदा दिवसातून दोनदाच जेवायचं धरलं, पाच महिन्यांत 9 किलो उतरले. मग भाचीचं लग्न आलं, मग दिवाळी, आणि पुढच्या होळीपर्यंत 11 चढले. लॉकडाउनमध्ये गच्चीवर फेऱ्या मारल्या. नंतर डब्यातली पावडर दुधात घालून प्यायलो, त्याबद्दल बोलायलाही नको. दोष कुठल्या पद्धतीचा नाही, सोडणारा मीच. म्हणून हात जोडून सांगतो, इथे दीक्षित की दिवेकर, कोणाचं डाएट बरं, हा वाद सुरू करू नका, त्याचे जुने धागे भरपूर आहेत.

राहतो नागपुरात, प्रतापनगरला, ऑफिस बर्डीवर (सीताबर्डी). अकाउंट्सचं काम, दिवसभर खुर्ची. ऑफिसात पाच वेळा चहा, घरी दोनदा, सगळा साखर घातलेलाच येतो. सकाळी अंबाझरी तलावाकडे चालायला जातो. पाच जणांचा ग्रुप आहे, तीन वर्षांपासून. आता खरं सांगतो. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं चालतो आणि मग ठेल्यावर तर्री पोहे खातो. पोह्यांवर चणे, चण्यांवर तर्री म्हणजे झणझणीत रस्सा, वरून कांदा, आणि कोणी ना कोणी म्हणतोच, "एक आलूबोंडा सांग रे, अर्धा-अर्धा घेऊ." तो अर्धा कधी अर्धा राहत नाही. चालण्यात माझ्यासारख्या जड माणसाच्या दोनशे-सव्वादोनशे कॅलरी जातात. त्या ठेल्यावर दहा मिनिटांत भरून येतात, वर व्याजही.

बरं, हे चालणंही बारमाही नाही. एप्रिल अर्धा झाला की ग्रुप पातळ होतो आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, तर कोणीच येत नाही. 45 अंशांत दोष तरी कोणाला द्यायचा? सकाळी सहालाच ऊन टोचतं. जूनमध्ये पाऊस पडला की पुन्हा सुरू करतो. तोवर दोन महिन्यांत सवय मेलेली असते.

गेल्या महिन्यात एक प्रयोग केला. घरात आम्ही पाच माणसं: आई, आम्ही दोघं, दोन मुलं. तेलाचा पाच लिटरचा कॅन फोडला त्या दिवशी त्यावर मार्करने तारीख टाकली. 3 तारखेला फोडलेला कॅन 24 ला रिकामा. 21 दिवस. भागाकार केला तर माणशी रोज 48 मिली येतं. एक ग्रॅम तेलाच्या 9 कॅलरी, म्हणजे तेलाच्याच जवळजवळ चारशे झाल्या, त्याही बाहेरचे पोहे न धरता. मला वाटत होतं आपण घरचं साधं जेवतो! बायकोला कागद दाखवला. ती म्हणाली, "तेल मोजायचं आहे ना, मग उद्यापासून फोडणी तुम्हीच टाका." आता सकाळच्या डब्याची भाजी मी करून राहिलो. त्यातून काय होईल ते होईल.

तर मदत कशाची हवी: वजन उतरवायचं कसं, हे विचारत नाही. ज्यांनी दोन-तीन वर्षं तरी टिकवलं आहे त्यांनी सांगा की उत्साह संपल्यावर काय उरलं? नागपूरच्या उन्हाळ्यात तुम्ही काय करता? आणि घरातल्या बाकी चौघांना छळ न वाटता स्वयंपाक कसा बदलला?

•

महालातला_म्हातारा
ग्रुप सोडू नका. ग्रुप सोडला की चालणं पहिले सुटते, पोहे नंतर सुटतात. मी ठेल्यावर बसतो अजूनही. घरून निघतानाच मूठभर फुटाणे अन् एक केळं खाऊन निघतो, तिथं बिनसाखरेचा चहा घेतो. पोहे रविवारी. पहिले पंधरा दिवस पोरं चिडवतात, "काहून बापा, उपास हाय का?" सोळाव्या दिवशी त्यांना दुसरा विषय भेटते.

साखर_नऊ_वर्षं
डॉक्टर नाही, पेशंट आहे. नऊ वर्षांपूर्वी तुमच्याच उंबरठ्यावर होतो आणि आत गेलो, म्हणून लिहितो.

6.1 म्हणजे मधुमेह नाही. 5.7 ते 6.4 हा मधला पट्टा, 6.5 पासून मधुमेह. लाल रक्तपेशी साधारण 120 दिवस जगतात, त्यावर चिकटलेली साखर ही तपासणी मोजते. म्हणून तीन महिने दिले आहेत, आठवडाभर गोड सोडून आकडा हलत नाही.

अमेरिकेत डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्राम नावाचा मोठा अभ्यास झाला, निष्कर्ष 2002 मध्ये आले. उंबरठ्यावरच्या लोकांना दोनच लक्ष्यं होती: वजन 7 टक्के उतरवा आणि आठवड्याला 150 मिनिटं चालण्याइतकी हालचाल करा. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झालं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी दिलेल्या गटात 31 टक्क्यांनी. तुमचे 7 टक्के म्हणजे साडेसहा किलोही होत नाहीत. 91 वरून 85. सत्तरचं स्वप्न पाहू नका. तुमचे आधीचे चारही प्रयत्न त्यातच मेले असतील, हा माझा अंदाज.

एक विचारतो, घोरता का? जेवणानंतर डेस्कवर डुलकी लागते का? तसं असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. झोपेत श्वास अडकत असेल तर रक्तदाबही हटत नाही आणि दिवसभर भूकही सुटत नाही. थायरॉइड पाहिलं नसेल तर तेही.

धागाकर्ता
घोरतो. बायको म्हणते कूलरचा आवाज त्यापेक्षा बरा. डुलकी रोज तीन वाजता. हे डॉक्टरांना सांगावं असं सुचलंच नव्हतं, धन्यवाद.

वऱ्हाडी_काकू
भाऊ, फोडणी हाती घेतलीत ते बेस केलंत. आमच्याकडे यजमानांच्या बायपासनंतर मी हेच केलं, बारा वर्षं झाली. सांगते.

कॅनमधून कढईत धार सोडायची नाही. महिन्याचं तेल पहिल्या तारखेला वेगळ्या बरणीत काढायचं, माणशी अर्धा लिटर. तुमचं अडीच लिटर. बरणी ओट्यावर, कॅन माळ्यावर. फोडणीला चहाचे दोन चमचे तेल पुष्कळ होते, मोहरी तडतडली की कांदा टाकायचा अन् झाकणावर पाणी ठेवून भाजी वाफेवर शिजवायची. वांगी, गवार, दोडका, सगळं होते. पहिल्या आठवड्यात बुडाला लागते, मग हात बसतो. चून (पिठलं) पातळ करा अन् वरून कच्चं तेल ओतणं बंद. आमच्या घरी सगळ्यात मोठं भांडण त्यावरच झालं होतं.

अन् एक गैरसमज काढून टाका. पोळीऐवजी ज्वारीची भाकर धरली की वजन आपोआप उतरते असं नाही. भाकरीनं पोट जास्त वेळ भरलेलं राहते हे खरं, पण चार भाकरी, वर ठेचा, वर तेल, मग काय उतरणार? दोन भाकरी घ्या, अन् ताटाची अर्धी बाजू भाजी-कोशिंबिरीची. आंबाडी, घोळ, चवळीचा पाला, पावसाळ्यात बाजार भरलेला असतो. वरण पातळ पाण्यासारखं नको, घट्ट करा, अन् वाटीभर जास्त घ्या. डाळ, मोड आलेली मटकी, अंडं चालत असेल तर अंडं, हे ताटात नसलं की दोन तासांनी हात डब्याकडे जातो.

घरच्यांना "आजपासून डाएट" असं सांगूच नका. माझ्या सासूबाईंना अजून माहीत नाही. सांबारवडी (कोथिंबिरीची) बंद केली नाही, महिन्यातून एकदा करते, तळूनच करते अन् पोटभर खाऊ घालते.

उपास_करणारा
सोमवार-गुरुवार उपास धरा, मी धरतो.

वऱ्हाडी_काकू
धरा, पण साबुदाण्याची उसळ अन् वरून फल्लीचा कूट घातला की तो उपास नाही राहत, भाऊ.

लोखंडी_हात
चारदा परत का आलं ते थोडं सांगतो. शरीर हलकं झालं की त्याचा रोजचा खर्चही कमी होतो आणि भूक उलट वाढते. म्हणजे 82 किलोच्या माणसाला 91 च्या माणसाएवढं खाऊन चालत नाही, पण खावंसं मात्र वाटतं. त्यात भराभर उतरवलं, प्रथिनं कमी घेतली, जोर-बैठका शून्य, तर चरबीबरोबर स्नायूही जातात. परत येते ती बहुतेक चरबी. म्हणून नुसतं चालणं पुरत नाही, आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम हवाच. जिम नको. खुर्चीवरून हात न टेकता उठबस, दहा-दहाचे तीन फेरे. भिंतीला टेकून दंड. वीस लिटरचा पाण्याचा कॅन अर्धा भरून उचलणं, पाठ सरळ ठेवून. हे सगळं कूलरसमोर होतं, तुमच्या मे महिन्याचं अर्धं उत्तर तिथेच आहे. रक्तदाब जास्त आहे, तेव्हा दम रोखून वजन उचलू नका, श्वास सोडत उचला.

अमेरिकेत 1994 पासून एक नोंदवही चालते, त्यात किमान 30 पौंड उतरवून वर्षभर तरी टिकवणाऱ्यांच्या सवयी टिपतात. त्यातल्या बहुतेकांची रोज तासभर हालचाल असते आणि आठवड्यातून एकदा तरी ते वजन करतात. ही मंडळी आपणहून नाव नोंदवतात, त्यामुळे तो काही कायदा नव्हे. पण काट्याची सवय मला पटली. दोन किलो चढले की कळतं, अकरा चढायची वाट पाहावी लागत नाही.

एक्वा_लाइन
प्रतापनगर ते बर्डी गाडीने जाता का? सुभाषनगर स्टेशनपर्यंत पायी जा, मेट्रोने झाशी राणी चौकात उतरा, तिथून बर्डी चालत. संध्याकाळी उलटं. वेगळा वेळ काढावा लागत नाही. मी एप्रिल-मेमध्ये सकाळचा पायी भाग ठेवतो आणि दुपट्टा बांधून साडेआठला निघतो. संध्याकाळचा सोडतो, सहा वाजताही रस्ता तव्यासारखा असतो. त्याऐवजी रात्री जेवल्यावर गल्लीत पंधरा मिनिटं. जेवणानंतर चाललं की साखरेची उसळी कमी राहते, हा वरचा फायदा.

निसर्गोपचार_घरपोच
21 दिवसांत 10 किलो हमखास, काढ्यासाठी व्यनि (खाजगी निरोप) करा.

महालातला_म्हातारा
ह्याले कोणीतरी बाहेर काढा बे.

•

धागाकर्ता
पोळा होऊन गेला, म्हणजे धाग्याला अकरा आठवडे झाले. काहींनी व्यनि करून विचारलं म्हणून लिहितो.

वजन 87.6. घेर 101. एचबीएवनसी 5.9. चौघांना सांगितलं तर तिघं म्हणाले, "बस, एवढंच?" डॉक्टर मात्र खूश होते, गोळी टळली, पुन्हा तीन महिन्यांनी बोलावलं आहे. रक्तदाब अजून 134/86 च्या आसपासच आहे. झोपेची तपासणी झाली, श्वास अडकतो असं निघालं, त्याचं वेगळं सुरू आहे.

बरणी पहिल्या महिन्यात 19 तारखेलाच संपली. दुसऱ्या महिन्यात 26 ला. आईने एकदा माळ्यावरचा कॅन गुपचूप काढला होता, ते सापडलं कारण त्या दिवशीचं चून फार चांगलं झालं होतं. काकू, झाकणावर पाणी ठेवायची युक्ती जमली, दोडका दोनदा करपला. वांग्याला मात्र तेल लागतंच, यावर मी ठाम आहे.

ऑफिसातला चहा पाचवरून दोनवर आणला. बाकी तीन वेळा उठून जिन्याने खाली-वर करतो, कारण चहाच्या वेळी जागेवर बसलो की पोऱ्या कप ठेवून जातोच. मेट्रो आठवड्यातून तीन दिवस जमते, पाऊस असला की नाही. उठबस मंगळवारी आणि शुक्रवारी. पहिल्या दिवशी आठ झाल्या आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला.

पोहे रविवारीच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक पाहायला महालात, जुन्या नागपुरात, गेलो होतो. इडापिडा घेऊन जा म्हणून गर्दीत सगळे त्या पुतळ्याला ओरडत होते तेव्हा मीही मनातल्या मनात "चार किलो घेऊन जा गे मारबत" म्हणून घेतलं. परतताना दोन प्लेट पोहे खाल्ले. घरी येऊन काट्यावर उभा राहिलो नाही. बुधवारी राहिलो, अर्धा किलो जास्त होतं. पुढच्या बुधवारी गेलं.

आता एक नवीन अडचण, लोखंडी_हात यांना खास विचारतो. उजवा गुडघा जिना उतरताना कटकट वाजतो, दुखत नाही, चढताना काही नाही. उठबस चालू ठेवू की थांबवू?

लोखंडी_हात
दुखत नसेल, सूज नसेल, तर नुसत्या आवाजाला घाबरू नका. खुर्चीवर एक उशी टाका, म्हणजे बैठक उंच होईल, आणि दोन आठवडे तेवढंच करा. जिना चढा, उतरताना लिफ्ट घ्या. दुखायला लागलं किंवा गुडघा अडकला तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा, इथे विचारत बसू नका.