टीव्हीच्या वायरी भिंतीत: ए विंगचा ग्रुप

ए-५०१: नमस्कार मंडळी. हॉलमध्ये ५५ इंची टीव्ही भिंतीवर लावतोय. लोंबणाऱ्या वायरी घरात कोणालाच नकोत. इलेक्ट्रिशियन म्हणतो, झिरी मारून, म्हणजे भिंतीत चर पाडून, सगळं आत गाडून टाकू, अर्ध्या दिवसाचं काम. कोणी केलंय का?

ए-२०३: केलंय आणि भोगतोय. आमच्या इंटेरियरवाल्याने एचडीएमआय केबल पाइपशिवाय तशीच प्लास्टरमध्ये गाडली. दोन वर्षांत चित्र मधूनच काळं व्हायला लागलं. केबल गेली होती, पण काढणार कशी? आता नवी केबल वॉलपेपरवरून खाली येते. पाहुणे आधी तीच बघतात, मग टीव्ही.

ए-३०४: वायर गाडायची नसतेच हो, पाइप गाडायचा. केबल दर चार वर्षांनी बदलेल, पाइप राहील. तोही २५ मिमीचा नको. एचडीएमआयचं डोकं मोल्डिंगसकट जवळपास २० मिमी रुंद असतं. सरळ पाइपातून जाईल कसंबसं, वळणावर हमखास अडकेल. ४० मिमी घ्या. एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, लावू देऊ नका, लांब वळणाचा बेंड लावा. आणि आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा. सुतळी नको, ओल लागली की कुजते.

ए-५०१: धन्यवाद काका. टीव्हीची पॉवर कॉर्डही त्याच पाइपातून घेऊ म्हणतोय तो. प्लग कापायचा, वायर ओवायची, खाली परत जोडायची.

ए-३०४: त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. कॉर्ड उघड्यावर वापरायला बनवलेली असते, भिंतीत कोंडायला नाही. टेप गुंडाळलेला जोड भिंतीआड तापला तर कळणार कोणाला? टीव्हीच्या मागेच ६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढा, १.५ स्क्वेअर मिमीची तांब्याची वायर, तिचा पाइप स्वतंत्र. एचडीएमआय, डिशची केबल, लॅन हे सगळं ४० च्या पाइपात. दोन पाइपांत थोडं अंतर ठेवा.

ए-६०१: सॉकेट ब्रॅकेटच्या बरोब्बर मागे घेऊ नका. आमचा प्लग दीड इंच बाहेर यायचा, स्लिम ब्रॅकेट बसेचना. सॉकेट डावीकडे सरकवला तेव्हा बसला. आधी टीव्हीचे पोर्ट कुठल्या बाजूला आहेत ते पाहा.

ए-१०२: उद्या गुरुवार. पाणी येणार का?

सेक्रेटरी: बंद आहे. आज रात्रीच भरून ठेवा.

ए-५०२: एक मिनिट. ५०१, तुमची टीव्हीची भिंत म्हणजे आमच्या ओट्यामागची भिंत ना? त्यात आमच्या नळाची लाइन आहे. आडवी, साडेतीन फुटांवर.

ए-५०१: अरे बापरे काकू. टीव्हीचा मध्यही साडेतीन फुटांवरच येतोय.

ए-३०४: मग झिरीपेक्षा ब्रॅकेटच्या भोकांचीच काळजी करा. भिंत ६ इंची आहे. काकूंची लाइन त्यांच्या बाजूने दोनेक इंच आत असेल, म्हणजे तुमच्याकडून चार इंचांवर पाणी. ड्रिलच्या बिटाला टोकापासून ३ इंचांवर काळी टेप गुंडाळा, टेप भिंतीला टेकली की थांबायचं. झिरी उभीच मारा, खोली भिंतीच्या एक तृतीयांशाच्या आत, म्हणजे प्लास्टर वगळून दोन इंच. आडवी मारलीत तर एक षष्ठांश, म्हणजे जेमतेम एक इंच, त्यात ४० चा पाइप बसत नाही. आणि कटरनेच मारा. छिन्नी-हातोड्याने काकूंच्या टाइल्स सुटतील.

ए-५०२: टाइल्स मागच्याच दिवाळीला बसवल्यात. आधीच सांगून ठेवते.

ए-७०४: बी विंगमध्ये माझ्या भावाचा फ्लॅट आहे, मिव्हानच्या शटरिंगचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेला. तिथे भिंतच आरसीसी, म्हणजे सळया घातलेलं काँक्रीट, झिरी मारताच येत नाही. त्याने सुताराकडून प्लायचं पॅनेल करून घेतलं, मागे दीड इंच पोकळी, वायरी सगळ्या तिथे. पॅनेलला उघडणारी फळी ठेवलीय.

ए-३०४: खरं सांगू, ५०१, तुमच्याकडेही मी तेच केलं असतं. भिंत सामाईक, पलीकडे पाणी. ब्रॅकेटची चार भोकं टाळता येत नाहीत, झिरी मात्र टाळता येते.

ए-५०१: सुतार तसाही शनिवारी येतोय. घरी विचारतो.

ए-२०३: पॅनेल करणार असाल तर मलाही सुताराचा नंबर द्या. ती काळी रेघ झाकायचीय.

ए-५०२: नळ बसवताना प्लास्टरच्या आधी मोजायची टेप लावून फोटो काढले होते आमच्या मुलाने. लाइन नेमकी कुठे वळते ते दिसतं. इथे पाठवते. भोकं पाडायच्या आधी बघून घ्या आणि मला बोलवा.

सेक्रेटरी: ड्रिलिंग दुपारी २ ते ४ नाही. रविवारी अजिबात नाही. राडारोडा लिफ्टमधून नेताना पोत्यात भरून.

ए-५०१: मग शनिवारी सकाळी १० ला. काकू, तुम्ही घरी आहात ना?

ए-५०२: आहे. नळ बंद करून ओट्यापाशीच उभी राहते.