मदत हवी आहे: जुन्या गाडीत कारसीट उलटी बसत नाही, बेल्ट अपुरा पडतोय

नमस्कार मंडळी, लेक १० महिन्यांची आहे, वजन साडेनऊ किलो. दिवाळीत पुण्याहून ताम्हिणीमार्गे गुहागरला जायचंय आणि त्याआधी कारसीटचं नक्की करायचंय. गाडी २०१२ ची हॅचबॅक, मागच्या सीटच्या फटीत हात घालून बघितलं, आयसोफिक्सच्या (कारसीट थेट गाडीला अडकवायच्या) कड्या नाहीत, म्हणजे गाडीच्या बेल्टनेच बांधावी लागणार. सीट कन्व्हर्टिबल आहे, म्हणजे उलटी-सरळ दोन्ही बसणारी, १८ किलोपर्यंत चालणारी. बाळाचं तोंड मागच्या काचेकडे ठेवून सीटवरच्या निळ्या खुणांमधून (उलटं बसवायच्या) बेल्ट ओवला की तो बकलपर्यंत पोचतच नाही, चांगली चार बोटं कमी.

दुकानदार म्हणतो नऊ किलो झाले ना, मग सरळ लावा. मला हे अजिबात पटत नाहीये. या वयात डोकं जड आणि मान कोवळी, सरळ बसवलं आणि समोरून धडक झाली तर धड पट्ट्यांनी अडतं पण डोकं पुढे फेकलं जातं, सगळा ताण मानेवर. उलटं बसवलं की डोकं-मान-पाठ एकदम सीटच झेलते. युरोपच्या कारसीटसाठीच्या नव्या आर१२९ नियमात १५ महिने पूर्ण होईपर्यंत सरळ बसवायला परवानगीच नाही. नऊ किलो हा जुन्या आर४४ नियमातला आकडा, आणि तो 'याच्या आधी नाहीच' असा आहे, 'आता वळवाच' असा नाही.

नवरा म्हणतो पुढे ड्रायव्हरशेजारी लावू, तिथला बेल्ट पुरतो. पण तिथे एअरबॅग आहे आणि ती बंद करायची सोय नाही. साबा (सासूबाई) म्हणतात मी मांडीवर घेते की, माया आहे त्यांची, त्यांना कसं समजावू? आणि ऑनलाइन बेल्टचे एक्स्टेंडर मिळतात ते चालतील का?

प्रतिसाद १:
पुढे लावू नका, कृपया. एअरबॅग उघडते ती थेट उलट्या सीटच्या पाठीवर आदळते, तिथेच बाळाचं डोकं असतं. एक्स्टेंडरही नको, बकल भलत्या जागी येतं आणि सीट घट्ट बसत नाही. आधी मागच्या दुसऱ्या बाजूला लावून बघा. तिथेही नाही पुरला तर ती सीट तुमच्या गाडीची नाही असं समजा. १३ किलोपर्यंतची हँडलवाली बकेट सीट बघा, काहींना बेल्ट कमी लागतो. डोकं सीटच्या कडेच्या वर जात नाही ना तेवढं तपासा. आणि गाडी दुकानात नेऊन, लावून बघूनच पैसे द्या.

प्रतिसाद २:
ताई, साबांना सांगा की ५० च्या स्पीडला धडक झाली तर साडेनऊ किलोचं बाळ शेकडो किलोंच्या जोराने पुढे जातं, कुणाच्याच हातात राहत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १९४बी कलमात १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर १००० रुपये दंड आहे, आमच्याकडे आजोबांना हेच पटलं. साबांना शेजारी बसू दे, बाळाचा हात धरायला. आणि खांद्याचा पट्टा चिमटीत धरता येतो का बघा, येत असेल तर सैल आहे.

धागाकर्ती:
खूप आभार दोघांचे! शनिवारी गाडी घेऊनच जाते दुकानात. साबांना शेजारी बसवायची कल्पना घरी लगेच मान्य झाली. बकेट सीटमध्ये सलग किती वेळ बसवावं? घाटात कुठे थांबणं सोयीचं पडेल तेही सांगा, तिला सीटमधून काढून जरा मोकळं करता येईल असं.