ब्रेसनहॅमची रेषा मध्येच का थांबते?

प्रश्न: ब्रेसनहॅमच्या पद्धतीने (पडद्यावरच्या रेषेचे पिक्सेल एकेक करून निवडणारा अल्गोरिदम) (२,१) ते (५,९) रेषा काढली की चारच पिक्सेल उमटतात, शेवटचा (५,४) वर. वाय वाढवायचा की नाही हे ठरवणारी किंमत सुरुवातीला पी = २डीवाय − डीएक्स घेतलीय (डीएक्स, डीवाय म्हणजे दोन टोकांच्या एक्समधला आणि वायमधला फरक), व्हेरिएबल फ्लोट (दशांश) आहेत. चुकतंय कुठे?

उत्तर १: सूत्र बरोबर आहे, पण ० ते १ उतारापुरतंच. तुमचा उतार ८/३. लूप एक्सवर चालतो आणि दर फेरीत वाय फार तर १ने वाढतो, मग तीन फेऱ्यांत ४च्या पुढे जाणार कसा? डीवाय मोठा असेल तेव्हा लूप वायवर फिरवा, सूत्रात डीएक्स-डीवायची अदलाबदल करा. ९ पिक्सेल यायला हवेत.

उत्तर २: शिवाय दोन्ही फरक धन करून घ्या, पाऊल +१ टाकायचं की −१ हे वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवा. नाहीतर उजवीकडून डावीकडे जाणारी रेषा नीट उमटणार नाही. आणि फ्लोट कशाला? सगळी गंमत इंटिजर (पूर्णांक) बेरजेतच आहे.