टीव्हीवर खेळायला जुन्या पद्धतीचा जपानी आरपीजी हवाय, एकच घ्यायचाय, कोणता घेऊ?

चांदणरात
नमस्कार मंडळी, घरी प्लेस्टेशन ५ आहे आणि मी नि माझा धाकटा भाऊ (१३ वर्षांचा) मिळून खेळतो. मिळून म्हणजे कंट्रोलर एकाच्या हातात आणि दुसरा शेजारी बसून काय करायचं ते सांगणार. आत्तापर्यंत जे जे खेळलो ते सगळं धावपळीचं होतं, त्यात ज्याच्या हातात कंट्रोलर तोच खरा खेळतो, दुसऱ्यानं काही सुचवेपर्यंत समोरच्यानं तीन वार केलेले असतात. मागच्या वेळी नुसतं आरपीजी (म्हणजे पात्रांच्या भूमिकेत शिरून गोष्ट खेळायचा गेम) लिहिलंय म्हणून एक गेम घेतला आणि तोही निघाला सगळा ॲक्शनचा, भाऊ दोन दिवस फुगून बसला होता. म्हणून आता असा हवाय की आपला डाव आला की गेम गपचूप थांबला पाहिजे, आम्ही दोघं पाच मिनिटं भांडलो तरी चालेल.

रोज रात्री तासभरच मिळतो. गोष्ट चांगली हवी, आधीचे भाग खेळलेले नसले तरी कळली पाहिजे, आणि लांबलचक असला तर उलट बरं. माझ्या यादीत सध्या ड्रॅगन क्वेस्ट ११ एस, फायनल फँटसी १०, पर्सोना ५ रॉयल आणि ऑक्टोपाथ ट्रॅव्हलर २ आहेत. वाचून वाचून डोकं गरगरलंय, प्लीज कोणीतरी ठामपणे एक सांगा.

निळास्लाइम
ताई, ड्रॅगन क्वेस्ट ११ एस घ्या. ठामपणे सांगा म्हणालात म्हणून आधी उत्तर दिलं, आता कारणं सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही दोघं ज्या पद्धतीनं खेळता त्यासाठीच जणू हा बनवलाय. डाव आला की गेम थांबतो म्हणजे अगदी खरोखर थांबतो, तुम्ही पाणी पिऊन या, फोन घ्या, समोरचा राक्षस जागेवर डुलत उभा. लढाई चालू असताना पात्राला इकडेतिकडे चालवता येतं असं दिसेल पण त्यानं काही फरक पडत नाही, तो फक्त कॅमेऱ्याचा प्रकार आहे, सेटिंगमध्ये जाऊन साधा क्लासिक करून टाका म्हणजे भावाला उगाच वाटायला नको की पळून वार चुकवता येतील.

आणि दोघांनी मिळून डोकं लावायला यात खरंच खूप जागा आहे. एक उदाहरण देतो. सुरुवातीलाच एरिक नावाचा चोर तुमच्यासोबत येतो, त्याला चाकू दिलात तर पुढं व्हिक्टिमायझर नावाचा वार शिकता येतो, हा वार एरवी साधाच, पण समोरचा झोपलेला असेल किंवा त्याला विष चढलेलं असेल तर कित्येक पटीनं बसतो. पुढं त्याला डिव्हाइड मिळतं, म्हणजे त्याच्याच छाया तयार होतात आणि तो जे करेल ते त्याही करतात. मग एका डावात विष चढवायचं, पुढच्या डावात डिव्हाइड, आणि तिसऱ्या डावाला व्हिक्टिमायझर. ते तीन डाव बाकीच्यांनी एरिकला जिवंत ठेवायचं! मी पहिल्यांदा हे जमवलं तेव्हा ज्या बॉसनं (म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या मोठ्या राक्षसानं) मला दोनदा लोळवलं होतं त्याची अर्धी ताकद एका फटक्यात गेली, मी अक्षरशः उठून उभा राहिलो.

तासभराचं म्हणाल तर रानात ठिकठिकाणी तळ ठोकायच्या जागा आहेत, तिथं विश्रांती घेता येते, देवीच्या मूर्तीपाशी सेव्ह करता येतं, शिवाय ऑटोसेव्ह आहे. लढाईचा वेग वाढवायची सोय आहे, एस आवृत्तीत तर सगळ्यात वेगवानही आहे, रोजच्या किरकोळ लढायांना तो ठेवा.

गोष्ट पूर्ण स्वतंत्र आहे. ही मालिका १९८६ साली निन्टेंडोच्या फॅमिकॉम या जुन्या कन्सोलवर सुरू झाली, युजी होरी यांनी गेम रचला आणि राक्षस काढले अकिरा तोरियामांनी. होरींनी स्लाइमचं जे कच्चं चित्र दिलं होतं तो नुसता चिखलाचा गोळा होता, तोरियामांनी त्याचा थेंबाच्या आकाराचा हसरा निळा जीव केला आणि तो आजतागायत तसाच आहे. (माझं नाव त्याच्यावरूनच.) पण ११ कळायला आधीचे दहा माहीत असायची काही गरज नाही.

भाषेबद्दल एक सांगायचंच आहे. इंग्रजीतल्या या गेममध्ये प्रत्येक गावाची बोलायची ढब वेगळी आहे, होत्तो नावाच्या गावात लोक चक्क हायकूत बोलतात, जलपऱ्या यमक जुळवत बोलतात. साध्या गावकऱ्यांना आवाज दिलेला नाही, तेव्हा ते तुम्हीच मोठ्यानं वाचायचं, भावाला एक पात्र, तुम्हाला एक. करून बघा, वेगळीच मजा येते.

आणि हो, नावाच्या आठवड्यात एस आहे ना ते नीट बघा. मूळ गेम जपानमध्ये २०१७ ला आला, एस आधी स्विचवर २०१९ ला आणि डिसेंबर २०२० ला पीएस ४ वर, तोच तुमच्या पीएस ५ वर चालतो. जुन्या डिस्कवरचं सेव्ह एस मध्ये चालत नाही, त्यामुळं कोणी जुनी डिस्क देत असेल तर आधी पेटीवर काय लिहिलंय ते वाचा.

निळास्लाइम
वर "नावाच्या शेवटी" म्हणायचं होतं, घाईत भलतंच टाइप झालं.

जुनाकंट्रोलर
ड्रॅगन क्वेस्टला माझा विरोध नाही पण फायनल फँटसी १० ची बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितोय. २००१ चा गेम आहे आणि डावांचा खेळ म्हणून मला तरी आजही तो सगळ्यात स्वच्छ वाटतो. स्क्रीनच्या उजव्या बाजूला पुढचे डाव कोणाकोणाचे ते रांगेनं दिसतं, तुम्ही एखादी चाल नुसती निवडून बघितलीत तरी ती रांग बदलते, म्हणजे जड चाल केली तर माझा पुढचा डाव किती मागं जाईल ते आधीच कळतं. आणि लढाई चालू असतानाच माणसं बदलता येतात. उडणारा पक्षी आला की वाक्काचा चेंडू, कठीण कवचाचा आला की ऑरनची तलवार, लिबलिबीत काहीतरी आलं की लुलूची जादू. तुमच्या भावाला हे पहिल्या दोन तासांत पाठ होईल आणि मग तोच तुम्हाला सांगेल कोणाला आत घ्यायचं ते.

एक फरक लक्षात ठेवा, सगळे जुने फायनल फँटसी असे नाहीत. ४ पासून ९ पर्यंत एटीबी आहे, म्हणजे प्रत्येकाची पट्टी भरत असते आणि तुम्ही विचार करत बसलात तर समोरचा वार करून मोकळा होतो. त्यात वेट मोड असतो, पण जादूची किंवा वस्तूंची यादी उघडी असेल तेव्हाच वेळ थांबते. तुम्हाला भांडायला वेळ हवाय ना, मग १० च घ्या, तिथं पट्टीच नाही.

खटकणाऱ्या गोष्टीही सांगतो. कन्सोलवरच्या रीमास्टरमध्ये (नव्यानं सुधारून काढलेल्या आवृत्तीत) कटसीन, म्हणजे मधले नुसते बघायचे गोष्टीचे प्रसंग, स्किप होत नाहीत, त्यामुळं बॉसशी हरलात की तेच संवाद पुन्हा ऐकायचे, आणि दोन-तीन ठिकाणी ते बरेच लांब आहेत. ऑटोसेव्हवर विसंबू नका, सेव्हचा गोळा दिसला की हात लावूनच पुढं जा. आणि बिसेड गावच्या देवळातला डिस्ट्रक्शन स्फिअर (लपवलेलं बक्षीस उघडणारा गोळा) पहिल्याच फेरीत वापरा!! नंतर करू म्हणून सोडलात तर पुढं गावाच्या तोंडाशी डार्क व्हॅलेफोर नावाचा महाकठीण शत्रू येऊन बसतो आणि त्याला हरवल्याशिवाय आत जाता येत नाही. माझं हेच झालं होतं, चाळीस तास खेळून झाल्यावर, तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो.

रात्रपाळी
क्लेअर ऑब्स्क्युर का नाही सांगत कोणी? टर्न बेस्ड आहे, पीएस ५ वर आहे, गोष्ट जबरदस्त आहे.

जुनाकंट्रोलर
@रात्रपाळी गेम उत्तमच आहे, मी पूर्ण केलाय, पण दोन अडचणी आहेत. तो फ्रान्समध्ये बनलाय, जपानी नाही, हे एक वेळ सोडून देऊ. खरी अडचण अशी की समोरच्याचा वार येताना नेमक्या क्षणी बटण दाबून अडवावा किंवा चुकवावा लागतो आणि मोठ्या लढायांत त्याच्याशिवाय निभाव लागणं अवघड आहे. म्हणजे पुन्हा ज्याच्या हातात कंट्रोलर त्याचाच खेळ, ताईंची तीच तर तक्रार होती.

रात्रपाळी
हो, ते बरोबर आहे. मी प्रश्न नीट वाचला नव्हता.

पोस्टमनताई
मी पर्सोना ५ रॉयलची वेडी आहे, शंभर तासांच्या वर खेळलेय, आणि तरीही सांगते की तुम्ही दोघांनी मिळून हा आत्ता घेऊ नका. गेमवर १७+ चा शिक्का आहे आणि तो उगाच नाही, पहिलाच खलनायक शाळेतला व्यायामाचा शिक्षक आहे जो मुलांना मारतो आणि एका मुलीच्या मागं लागतो, ते सगळं बऱ्यापैकी स्पष्ट दाखवलंय. गेम त्याची बाजू घेत नाही, उलट ज्या पोटतिडकीनं त्याच्याविरुद्ध उभा राहतो तेच मला आवडलं, पण १३ वर्षांच्या मुलाशेजारी बसून ते बघणं कठीण जाईल.

तुम्ही एकट्यानं कधी खेळायचा ठरवलात तर एकच लक्षात ठेवा. यात कॅलेंडर आहे, दिवस सरला की सरला. रॉयलमध्ये वाढवलेला शेवटचा भाग बघायचा असेल तर शाळेत येणाऱ्या समुपदेशकाशी मैत्री १८ नोव्हेंबरच्या आत नवव्या पायरीपर्यंत न्यायची, नाहीतर तो भाग उघडतच नाही आणि गेम आधीच संपतो. यापेक्षा जास्त सांगत नाही, मजा जाईल.

ऑक्टोपाथ २ बद्दल कोणी काही बोललं नाही म्हणून थोडक्यात. दिसायला फार देखणा, जुन्या ठिपक्याठिपक्यांच्या चित्रात खोली आणि उजेड घातलाय, आणि लढाईत शत्रूच्या ढालीचा आकडा शून्यावर आणून त्याला लोळवायची गंमत हातात बसते. पण आठ माणसांच्या आठ गोष्टी, त्या तुकड्यातुकड्यांनी पुढं सरकतात, मधे दोन दिवस गॅप पडला की आपण कोणाच्या गोष्टीत होतो तेच आठवत नाही. सलग गोष्ट हवी असेल तर नंतर घ्या.

चांदणरात
बाप रे, एवढं सगळं! खूप खूप आभार सगळ्यांचे. पोस्टमनताई, तुमचं फार बरं झालं, मी जवळजवळ पर्सोनाच घेणार होते.

म्हणजे ड्रॅगन क्वेस्ट किंवा फायनल फँटसी १०. एकच भीती आहे, ग्राइंडिंग. मैत्रीण म्हणते की जपानी आरपीजी म्हणजे तासन्‌तास त्याच त्या राक्षसांना मारत लेव्हल वाढवायची. रोजचा तासभर असा गेला तर भाऊ आठवड्यात कंटाळेल.

निळास्लाइम
पूर्वी होतं तसं, खोटं नाही. ११ मध्ये मी मुद्दाम थांबून लेव्हल अशी जवळजवळ वाढवलीच नाही, वाटेत जे भेटले त्यांच्याशी लढत गेलो तेवढं पुरलं. राक्षस समोर फिरताना दिसतात, नको असेल तर वळसा घालून जायचं. (एस मध्ये जुन्या पद्धतीचा २डी मोडही आहे, त्यात मात्र न दिसणारे हल्ले होतात, पहिल्यांदा खेळताना ३डी मध्येच रहा.) अडलात तर लेव्हल वाढवण्याआधी शस्त्रं बघा, फोर्जवर घरच्या घरी बनवता येतात आणि तो ठोकाठोकीचा छोटा खेळ भावाला देऊन टाका, नेमक्या जागी नेमका घाव बसला की काय आवाज येतो!

हरलात तरी फार नुकसान नाही, शेवटच्या ऑटोसेव्हवरून पुन्हा सुरू करता येतं. सुरुवातीला ड्रॅकोनियन क्वेस्ट नावाचे कठीण पर्याय विचारेल, त्यातलं काही लावू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं राहूनच गेलं, विकत घ्यायच्या आधी डेमो खेळा. आपण नेहमी बघतो तसा अर्ध्या तासाचा डेमो नाही हा, जवळजवळ १० तास खेळता येतो आणि पुढं पूर्ण गेम घेतला तर सेव्ह त्यात चालतं, एक मिनिट वाया जात नाही. शेवटी क्रेडिट्स आले की बंद करू नका एवढंच सांगून ठेवतो, त्यानंतर अजून बराच मोठा भाग आहे.

जुनाकंट्रोलर
डेमो असेल तर आधी तोच, मीही हेच म्हणेन. फायनल फँटसी १० कुठं पळून जात नाही.

चांदणरात
चार दिवसांनी येतेय. डेमो उतरवला, रोज तासभर करत करत एरिक येऊन मिळालाय आणि तळावर पहिल्यांदा झोपलो. काल पहिल्यांदाच असं झालं की कंट्रोलर माझ्या हातात होता आणि लढाई भाऊ खेळत होता, ताई थांब थांब आधी बरं करून घे म्हणून माझा हात धरून ठेवला त्यानं, आणि गेम खरंच थांबून राहिला. पूर्ण गेम घ्यायचं नक्की झालंय.

आता भांडण असं आहे की तो म्हणतो एरिकला चाकू, मी म्हणते बूमरँग. नवे वार शिकायचे पॉइंट थोडेच आहेत, कुठं घालू? पटकन सांगा, तो शेजारीच बसलाय.

निळास्लाइम
दोघंही बरोबर आहात. बूमरँग समोरच्या सगळ्यांना एकदम लागतो म्हणून साध्या लढायांना तो, आणि बॉस आला की चाकू. लढाईच्या मधेच शस्त्र बदलता येतं, त्यात डाव जात नाही. पॉइंट आत्ता चाकूत घाला, नाही आवडलं तर चर्चमध्ये थोडे पैसे देऊन परत काढून घेता येतात.