पुणे ते मालवण, सागरी मार्गाने: थांबे कसे ठरवू?

रेवती_कोथरूड:
डिसेंबरात नवरा, आठ वर्षांचा मुलगा आणि सासूबाईंना घेऊन मालवणला जायचंय. मुंबई-गोवा हायवे नको. ताम्हिणी उतरून पुढे होता होईल तेवढं समुद्राला धरून जायचा विचार आहे. पाच मुक्काम हाताशी आहेत. गाडी साधी हॅचबॅक, चालवणार मी. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे चढउतार बेताचा हवा. यादी काढायला बसले तर संपेचना. काय ठेवू, काय गाळू?

खाडीकाठ:
रेवतीताई, माझं घर गुहागर तालुक्यात, म्हणजे तुमच्या वाटेवरच. एकच सांगतो: यादी किलोमीटरवर लावू नका, पाण्यावर लावा. या रस्त्यावरची निम्मी ठिकाणं भरती-ओहोटी बघून जायची आहेत. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच होते, हेदवीची बामणघळ भरतीशिवाय बघण्यात अर्थ नाही. वेळ चुकली की एका ठिकाणी वाट पाण्याखाली आणि दुसऱ्या ठिकाणी नुसती कातळातली भेग.

वेळ काढायला आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात. पौर्णिमा म्हणजे १५, पाऊणपट सव्वाअकरा. त्या सुमाराला भरती, आणि सहा तासांनी, पाच-साडेपाचला ओहोटी. वद्य द्वितीयेला भरती दीडला. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतं, पण जेवणाचा बेत ठरवायला पुरतं. म्हणून पौर्णिमेला किंवा अमावास्येला पुण्यातून निघा. तेव्हा उधाण असतं, भरतीही मोठी आणि ओहोटीही. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, त्याला जोर नसतो.

आता बघा कसं जुळतं. पहाटे सहाला निघालात तर ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत जेवायला दिवेआगर. खानावळीला दहाच्या आत फोन करून किती पानं ते सांगा. आयत्या वेळी गेलात तर उकडीचे मोदक मिळणार नाहीत, आणि मग दिवेआगरला जेवलात असं मी म्हणणार नाही. तिथून श्रीवर्धनला शेखाडीच्या रस्त्याने. समुद्र उजव्या हाताला, म्हणजे नेमका चालवणाऱ्याच्या खिडकीशी. मोह होईल, पण वळणावर गाडी उभी करू नका, रुंद जागा बघा. साडेचार-पाचला हरिहरेश्वर. मुलाला घेऊन प्रदक्षिणा करा, सासूबाईंना देवळातच बसू द्या, कारण वाट कपारीतून पायऱ्यांनी एकदम खाली उतरते. खडकावर कडेला जाऊ नका, तिथून माणसं वाहून गेली आहेत.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेसवी. पलीकडे रत्नागिरी जिल्हा. मग केळशी, आडे, आंजर्ले. हा रस्ता वाड्यांमधून जातो: दोन्हीकडे चिऱ्यांचे गडगे, वर पोफळी, आणि मध्ये एक गाडी जेमतेम मावेल एवढी जागा. समोरून एसटी आली की तिचा ड्रायव्हर हात बाहेर काढून दोन बोटं मागे हलवतो. म्हणजे मागे तुम्हीच जायचं. कड्यावरच्या गणपतीला वरपर्यंत गाडी जाते, सासूबाईंना अडचण नाही. संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव बघा, मुक्काम दापोलीजवळच्या मुरुडला.

तिसरा दिवस द्वितीयेचा. आठला मुरुड सोडा. दाभोळ-धोपावे फेरीने गुहागर, आणि एकच्या सुमाराला हेदवी. उमामहेश्वराच्या देवळामागे कातळावरून थोडं चाललं की बामणघळ. चिंचोळ्या घळीत लाट शिरते, आतल्या आत आदळते आणि पाणी सरळ वर उडतं. मग तवसाळ-जयगड फेरी, आणि सहाच्या आत आरे-वारेच्या चढावर. गणपतीपुळ्यात मुक्काम असला तरी आधी तिथवर जाऊन सूर्यास्त बघून मागे या.

सह्यभटक्या:
खाडीकाठ काका, एवढं सगळं छान, पण आठ वर्षांच्या पोराला पहिल्याच दिवशी ताम्हिणी आणि शेखाडी दोन्ही? उलटी करेल. मी तर म्हणतो, दापोलीपर्यंतचं सगळं गाळा, कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरा आणि गुहागरपासून सुरुवात करा. वाचलेला दिवस मालवणला द्या, सिंधुदुर्ग किल्ला घाईत बघायचा नसतो.

खाडीकाठ:
पोराला पुढे बसवू नका, पोटात तळलेलं नको, बाकी ताम्हिणीत काही होत नाही. मालवणला वेळ वाढवायचा असेल तर तो चौथ्या दिवसातून काढा. पावस, पूर्णगड, कशेळीचा कनकादित्य, जैतापूर, विजयदुर्ग, कुणकेश्वर असं सगळे एका दिवसात कोंबतात. त्यातलं पूर्णगड आणि जैतापूर नुसतं जाताजाता बघा. कनकादित्याला आणि विजयदुर्गाला वेळ द्या. विजयदुर्ग २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्गही त्याच यादीत आहेत. पण विजयदुर्गात होडीशिवाय, चालत जाता येतं, तेवढं सासूबाईंसाठी सोपं. मुक्काम देवगडला, आणि पाचवा मालवणला.

रेवती_कोथरूड:
काका, पौर्णिमा धरून सुट्टी टाकते. एक भीती आहे, फेरीबोटीत गाडी चढवायची कधी वेळ आली नाही. उलटी घालावी लागते का? आणि येताना कुठला घाट?

खाडीकाठ:
कधी सरळ, कधी रिव्हर्स, बोटीवरचा माणूस सांगेल तसं. बाकीच्यांना आधी उतरवा, काच खाली घ्या आणि आरशापेक्षा त्याच्या हाताकडे बघा. तो बॉनेटवर थाप मारेपर्यंत येत राहायचं. मग हँडब्रेक आणि गाडी गिअरमध्ये. शेवटच्या फेरीच्या भरवशावर राहू नका, दिवस मावळायच्या आत तिन्ही खाड्या ओलांडा. नाहीतर दाभोळहून खेड-चिपळूण असा वळसा पडतो. येताना फोंडा घाटाने कोल्हापूर, पुढे हायवे. मात्र घाट उजेडात चढा, ऊस तोडणीचे दिवस आहेत, वर देशावर ट्रॉल्या दिवे न लावता चालतात.