मदत हवी आहे : वाचनालयाच्या जांभ्याच्या भिंतीवर नामफलक

कोकणातल्या गावच्या वाचनालयाला पुस्तकं, जागा, वेळ देणाऱ्यांची नावं काळ्या ग्रॅनाइटवर कोरायची आहेत. अनावरण १२ ऑगस्टला, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांच्या जयंतीला.

फलक ३ बाय २ फूट, जाडी १८ मिमी, म्हणजे वजन तीस किलोच्या आसपास. नुसत्या चिकटवण्यावर भरवसा नको, म्हणून स्टेनलेस स्टीलचे चार बोल्ट आणि मागे हवा खेळायला थोडी फट ठेवणार आहोत. पण जांभा सच्छिद्र, ओल धरणारा. भोक भुसभुशीत होतं आणि फुगणारा अँकर (भोकात फुगून बोल्ट पकडणारी खुंटी) दगडच फोडतो. केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट, जांभ्यात किती खोल घ्यावा?

युनिकोड मजकूर कोरणाऱ्याच्या संगणकावर उघडला की रफार, वेलांट्या सरकतात. म्हणून कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या बनवूनच, फाइल देऊ. कमीत कमी किती मिमी उंचीच्या अक्षरात अनुस्वार स्वच्छ उतरतो? माणसाचं नाव अचूकच हवं.